स्वयंचलित यंत्रे : थांबलेले यंत्र आणि बंद केलेले यंत्र

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील श्रीपूर व त्याच्या भोवतालची गावे ही ऊसबागायतीची गावे होत. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटने श्रीपूर येथे साखर कारखाना चालविला. पांडुरंग सहकारी साखर कारखानाही याच गावी आहे. त्यामुळे यंत्र ही वस्तू या भागातील शेतकऱ्यास नवलाची नाही. तेलाच्या इंजिनाचे हँडल फिरविण्यापासून विजेच्या मोटारीपर्यंत सर्व प्रकारची यंत्रे त्याच्या हाताखालून गेलेली आहेत.

परंतु आता शेतात व कारखान्यात जी यंत्रे येत आहेत, त्यांचा स्वभाव जुन्या यंत्रांपेक्षा निराळा आहे. जुने यंत्र माणसाने चालू केल्याशिवाय चालत नसे. नवे यंत्र केव्हा चालू व्हावयाचे व केव्हा थांबावयाचे हे त्यात साठवून ठेवलेली आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, ठरविते. विहिरीवरील ऑटो-स्टार्टर, मोबाइलवरून चालणारा स्टार्टर, सौरपंपाचा नियंत्रक, ठिबक संचाचे आपोआप उघडणारे व्हॉल्व्ह, फवारणीचा ड्रोन, उपग्रहाच्या साहाय्याने सरळ रेषेत चालणारा ट्रॅक्टर, आणि मोठ्या कारखान्यांतील यंत्रमानव किंवा रोबो हे सर्व एकाच कुळातील आहेत. रोबो हा शब्द १९२० सालच्या एका चेक नाटकातून जगभर पसरला व त्याचे मूळ त्या भाषेतील वेठीच्या कामाला असलेल्या शब्दात आहे. वेठीला धरलेले हे यंत्र थकत नाही, कुरकुरत नाही. मात्र आपल्या वाटेत कोण उभे आहे याची चौकशीही ते करीत नाही.

या यंत्रांमुळे होणाऱ्या अपघातांपैकी अनेकांच्या मुळाशी एकच गैरसमज आढळतो. यंत्र हलत नाही, अर्थात ते बंद आहे, असे माणूस धरून चालतो. स्वयंचलित यंत्राच्या बाबतीत हे दोन्ही एक नव्हे. थांबलेले यंत्र पुढील आज्ञेची वाट पाहत असते. बंद केलेले यंत्र म्हणजे ज्याची शक्तीच तोडून टाकली आहे असे यंत्र. हा भेद गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम स्वतः नीट समजून घ्यावा आणि मग शेतकऱ्यांस पटवून द्यावा.

विहिरीवरील ऑटो-स्टार्टर

या विषयाचा आरंभ विहिरीपासून करणे इष्ट, कारण ड्रोन अजून प्रत्येकाच्या शेतावर पोहोचलेला नाही. ऑटो-स्टार्टर मात्र वाड्यावस्त्यांपर्यंत गेलेला आहे.

साध्या स्टार्टरमध्ये एक कॉइल असते. वीज गेली की तिची ओढ संपते, स्टार्टर सुटतो आणि वीज परत आली तरी कोणी हिरवे बटण दाबीपर्यंत मोटार चालू होत नाही. ही केवळ सोय नसून माणसाच्या जिवासाठी केलेली योजना आहे. शेतीपंपांस वीज पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री, मिळत आली आहे. मध्यरात्री उठून विंचूकाट्यातून विहिरीवर जाण्याचा त्रास वाचावा म्हणून शेतकऱ्याने ऑटो-स्टार्टर बसविला. त्याच्या अडचणीकडे पाहता यात त्यास दोष देता येणार नाही. पण ऑटो-स्टार्टर करतो काय, तर वीज आल्यावर ठराविक वेळ थांबून हिरवे बटण दाबण्याचे काम स्वतःच करतो. अर्थात मूळ स्टार्टरने दिलेले संरक्षण तो काढून घेतो.

आता पुढील प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. पंप पाणी ओढत नाही. थोरला भाऊ विहिरीत उतरून फूटव्हॉल्व्ह पाहू लागतो. वरून धाकटा विचारतो, “आण्णा, मेन पाडू का?” खालून उत्तर येते, “कशाला? लाइट गेलीय की.” ‘लाइट गेली’ या दोन शब्दांत सारा धोका साठलेला आहे. वीज गेली आहे याचा अर्थ यंत्र वाट पाहत आहे एवढाच. वीज येण्याची वेळ विहिरीतील माणसाला कळत नाही. ती आली की काही क्षणांत मोटार फिरू लागेल. त्या वेळी हात कपलिंगवर असेल किंवा केबलचा जोड उघडा असेल, तर वर उभ्या असलेल्या माणसास मेन स्विचपर्यंत पोहोचण्याइतकाही अवधी मिळणार नाही.

अशा वेळी कित्येकजण टेस्टर लावून पाहतात व तो पेटला नाही म्हणून निर्धास्त होतात. वीज गेलेली असताना टेस्टर कोठेही पेटत नाही. त्यावरून तार त्या क्षणी निर्जीव आहे इतकेच कळते. पुढच्या क्षणाची हमी टेस्टर देत नाही. शिवाय टेस्टरच बिघडलेला असू शकतो. म्हणून वीज चालू असताना तो चालू तारेवर लावून पाहावा, मग मेन पाडून मोटारीकडील तिन्ही तारांवर लावावा, व शेवटी पुन्हा चालू तारेवर लावून तो शाबूत असल्याची खात्री करावी.

दुरुस्तीपूर्वी करावयाची कामे क्रमाने अशी आहेत. ऑटो-स्टार्टरची कळ साध्या, म्हणजे हाताने चालविण्याच्या, बाजूस घ्यावी. तेवढ्यावर विसंबू नये, कारण ती कळ केवळ आज्ञा बदलते, वीज तोडीत नाही. नंतर कोरड्या हातांनी, पायांत रबरी पादत्राणे घालून मेन स्विच पाडावा. त्यातील तिन्ही किटकॅट फ्यूज काढून ते विहिरीत उतरणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावेत. ते पेटीवर ठेवू नयेत. पेटीवर ठेवलेला फ्यूज पाहून वाटसरूसुद्धा सद्भावनेने तो जागेवर बसवील. किटकॅटच्या ऐवजी एम.सी.बी. असेल तर पेटीस कुलूप लावावे व किल्ली उतरणाऱ्याजवळ असावी. मोटारीस कंडेन्सर जोडलेला असल्यास वीज तोडल्यावरही त्यात काही काळ भार शिल्लक राहतो, म्हणून त्याच्या तारांस लगेच हात लावू नये. काम संपल्यावर ज्याने फ्यूज काढले त्यानेच ते बसवावेत.

सामाईक विहिरीवर याहून अधिक दक्षता पाहिजे. एकाच विहिरीवर भाऊबंदांच्या दोन-तीन मोटारी असतात व प्रत्येकाची पेटी निराळी असते. आपली मोटार बंद केली म्हणजे विहीर सुरक्षित झाली असे होत नाही. सर्व पेट्या बंद केल्याखेरीज कोणीही उतरू नये. भावकीत बोलणे बंद असले तरी या एका कामापुरता निरोप गेलाच पाहिजे. पाण्याच्या पाळीचा वाद निराळा व हा निराळा.

मोबाइल स्टार्टरमध्ये सिमकार्ड असते व फोनवरून मोटार चालू होते. यात अडचण अशी की, मोटार चालू करणारा माणूस विहिरीपासून कितीही दूर असू शकतो. मुलगा पुण्यास नोकरीस आहे. घरी पाळीचा दिवस आहे हे त्यास ठाऊक आहे, पण वडील विहिरीत उतरले आहेत हे ठाऊक नाही. तो आपले कर्तव्य म्हणून मोटार चालू करतो. येथेही उपाय तोच : फ्यूज खिशात. ज्या ज्या फोनवरून मोटार चालू होऊ शकते त्यांची यादी पेटीच्या आतील बाजूस लिहून ठेवावी, आणि जुना सालगडी काम सोडून गेला असल्यास त्याचा क्रमांक यंत्रातून काढून टाकावा.

सौरपंपाविषयी एक चुकीची कल्पना रूढ होत आहे. त्यास महावितरणची वीज नाही, तेव्हा धक्का बसणार नाही, असे समजले जाते. सौरपट्ट्यांवर प्रकाश असेपर्यंत त्यांपासून निघणाऱ्या तारांत विजेचा दाब राहतोच. तो कोणत्याही बटणाने नाहीसा होत नाही. पट्ट्या व नियंत्रक यांच्यामधील डी.सी. स्विच पाडल्याने त्याच्या पुढील भाग सुटा होतो, मागील नाही. शिवाय नियंत्रक चालू ठेवलेला असल्यास सकाळी पुरेसे ऊन येताच पंप आपण होऊन सुरू होतो. पहाटे अंधारात दुरुस्तीस आरंभ करणाऱ्याने सूर्योदय म्हणजे येथे बटण दाबले जाणेच आहे, हे ध्यानात ठेवावे.

ऑटो-स्टार्टर काढून टाकावेत असे आवाहन महावितरणही वारंवार करीत आले आहे. त्याचे कारण निराळे आहे. वीज येताच रोहित्रावरील सर्व मोटारी एकदम सुरू झाल्या तर त्यावर अतिभार येऊन रोहित्र जळते व साऱ्या शिवाराचे पाणी बंद होते. ज्यांस ऑटो-स्टार्टर काढणे शक्य नाही त्यांनी निदान शेजाऱ्याहून निराळा वेळ लावावा.

कारखान्यातील धडा

साखर कारखान्यात उसाची मोळी गव्हाणीत पडल्यापासून साखर पोत्यात जाईपर्यंत अनेक टप्पे आज्ञावलीच्या ताब्यात असू शकतात. गव्हाणीकडून गिरणीकडे ऊस नेणारी साखळी याचे चांगले उदाहरण आहे. गिरणीच्या तोंडाशी उसाचा थर वाढला की संवेदक, म्हणजे सेन्सर, तशी सूचना देतो व साखळी मंदावते किंवा थांबते. थर उतरला की ती पुन्हा चालू लागते. साखळी थांबलेली पाहून अडकलेली मोळी काढण्यास जो वाकतो, त्याची चूक विहिरीतील शेतकऱ्याच्या चुकीसारखीच आहे. मळी व साखर वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्यूगल यंत्रात याउलट योजना केलेली असते : आतील टोपली फिरत असेपर्यंत झाकण उघडत नाही. अशी योजना कामाचा खोळंबा करते म्हणून तिला तार बांधून निकामी करणारे महाभाग असतात. त्यांच्याविषयी अधिक न लिहिणे बरे.

स्वतंत्र भारताच्या १९४८ सालच्या कारखाने अधिनियमात या प्रश्नाचा विचार झालेला होता. त्यातील २५ वे कलम खास स्वयंचलित यंत्रांविषयीच होते. अशा यंत्राचा पुढेमागे सरकणारा भाग, माणसांची ये-जा असलेल्या जागेत, यंत्राबाहेरील कोणत्याही स्थिर बांधकामापासून अठरा इंचांच्या, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटरच्या, आत येता कामा नये, असा त्याचा आशय होता. अठरा इंच म्हणजे माणूस चिरडला न जाता मावेल इतकी जागा. त्या काळी रोबो कारखान्यांत आलेला नव्हता. माणसाच्या अंगाची जाडी मात्र आजच्याइतकीच होती.

परदेशांतील दोन घटना येथे सांगण्यासारख्या आहेत. जानेवारी १९७९ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील एका ओतकाम कारखान्यात कप्प्यांतून सुटे भाग काढून आणणारे स्वयंचलित यंत्र होते. ते नीट काम देईना म्हणून एक कामगार भाग काढण्यासाठी स्वतः कप्प्यांत चढला. यंत्र आपले काम करीतच होते. मागून आलेल्या त्याच्या बाहूचा आघात होऊन तो जागीच गतप्राण झाला. पुढे १९८१ साली जपानमधील अकाशी येथे रोबोभोवती कुंपण होते व कुंपणाचे दार उघडताच वीज तुटेल अशी व्यवस्थाही होती. दुरुस्तीसाठी गेलेला कामगार दारातून न जाता कुंपणावरून आत उतरला. वीज चालूच राहिली, यंत्र अवचित सुरू झाले आणि त्याच्या बाहूने त्या कामगारास चिरडले. म्हणजे पहिल्या ठिकाणी माणसाला सावध करणारी व्यवस्था अपुरी होती, आणि दुसऱ्या ठिकाणी व्यवस्था असूनही तिला वळसा घातला गेला.

अलीकडे एकाच यंत्राकडून आज एक वस्तू व उद्या दुसरी वस्तू बनविण्याची पद्धत रूढ झाली आहे. आज्ञावली बदलली की त्याच यंत्राचा बाहू निराळ्या मार्गाने फिरू लागतो. यामुळे अनुभवी माणूसच अधिक फसतो, कारण कालपर्यंत जेथे उभे राहणे निर्धोक होते ती जागा आज बाहूच्या वाटेत येते. शेतीत याचे प्रतिरूप ठिबकच्या स्वयंचलित संचात दिसते. सकाळी सहा वाजता खताची टाकी सुरू होते हे गड्यास पाठ असते. मालकाने रात्री मोबाइलवर वेळ बदलून पाच केली हे त्यास कोणी सांगितलेले नसते. आज्ञावलीत फरक करणाराने तो फरक संचाजवळच्या पाटीवर तारखेसह खडूने लिहावा. आणखी एक दक्षता म्हणजे खताचे पाणी उलटे वाहून विहिरीत जाऊ नये म्हणून एकमार्गी झडप बसविलेली असावी व ती हंगामापूर्वी तपासावी. आज्ञावली कितीही चांगली असली तरी वीज गेल्यावर पाण्यास थोपवून धरणारी ती झडपच असते.

ड्रोन व स्वयंचलित वाहने

बैलगाडीपुढे मूल आले तर पुष्कळदा बैल स्वतःच थबकतो. उपग्रहावरून चालणारा ट्रॅक्टर आपली रेघ सोडीत नाही हा त्याचा गुण, आणि त्या रेघेत कोण झोपले आहे हे त्यास दिसत नाही हा त्याचा दोष. डोळे असलेली वाहनेही सर्वस्वी विश्वासार्ह नाहीत. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील टेम्पी या शहरी चाचणीवर असलेल्या स्वयंचलित मोटारीने सायकल हाती धरून रात्री रस्ता ओलांडणाऱ्या स्त्रीस ठार केले. संवेदकांनी तिला सुमारे साडेपाच सेकंद आधी टिपले होते. पण ती वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, याचा निर्णय आज्ञावलीस करता येईना. आत बसविलेल्या देखरेखीच्या माणसाचे लक्ष रस्त्यावर नव्हते. ऊसवाहतुकीच्या दिवसांत अकलूज-पंढरपूरकडील रस्त्यांवर रात्री दिवा नसलेली गाडी, बाजूस बसलेले मजूर व मध्येच उभी असलेली ट्रॉली यांची कल्पना केली म्हणजे अशा यंत्रास येथे किती गोष्टी अनोळखी वाटतील हे ध्यानात येईल. स्वयंचलित ट्रॅक्टरवर माणूस बसलेला असलाच पाहिजे व त्याचे लक्ष समोर असले पाहिजे. विहिरीची कड, चर व बांध यांपासून वळणाची जागा दूर आखावी.

ड्रोनविषयी केंद्र सरकारचे नियम ऑगस्ट २०२१ मध्ये आले, आणि किटकनाशकांच्या फवारणीकरिता कृषि मंत्रालयाने त्याच वर्षी डिसेंबरात कार्यपद्धती प्रसिद्ध केली. त्यानंतर महिला बचत गटांस ड्रोन देण्याची योजनाही निघाली. उंच वाढलेल्या उसात पाठीवरचा पंप घेऊन शिरणे किती जिकिरीचे असते हे ज्याने अनुभवले आहे, त्यास या यंत्राची महती सांगण्याची गरज नाही. फवारणीचा ड्रोन प्रमाणपत्रधारक चालकानेच उडवावा व ड्रोनची नोंदणी झालेली असावी, हे शेतकऱ्याने भाडे ठरविण्यापूर्वी विचारून घ्यावे.

ड्रोनची एक सवय प्रत्येकास माहीत असली पाहिजे. बॅटरी उतरली किंवा चालकाशी असलेला संपर्क तुटला, तर बहुतेक ड्रोन आपण होऊन ठरविलेल्या उंचीवर चढतात आणि जेथून उडाले त्या जागी सरळ रेषेत परत येतात. ही योजना उत्तम आहे. पण ती उंची दहा मीटर ठरविली असेल आणि वाटेत पंधरा मीटरचे नारळाचे झाड किंवा विजेची वाहिनी असेल, तर ड्रोन त्यावर आदळेल. म्हणून उड्डाणापूर्वी शेतास पायी फेरी घालून सर्वांत उंच वस्तू कोणती ते पाहावे व परतीची उंची तिच्याहून पुरेशी अधिक ठेवावी. नकाशावर तारा दिसत नाहीत. त्या शेतकऱ्यानेच चालकास बोटाने दाखवाव्यात. उतरण्याच्या जागी मुलांना जमू देऊ नये. ड्रोन नवलाचा असल्याने ती जमणारच, तेव्हा दोरी बांधून एक माणूस तेथे उभा करावा.

टाकी भरण्यासाठी ड्रोन जमिनीवर आला, पंखे थांबले, की सर्वजण पुढे धावतात. विहिरीचा नियम येथे जसाच्या तसा लागू आहे. चालकाच्या हातातील यंत्रावर चुकून बोट पडले तरी पंखे फिरू शकतात. प्रथम बॅटरी सोडवावी, ती सोडविणाऱ्याच्या हातात दिसावी, मगच इतरांनी जवळ जावे. फुगलेली किंवा आपटलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. अशा बॅटऱ्या पेट घेतात.

औषधाबाबत दोन शब्द. पाठीवरच्या पंपापेक्षा ड्रोनने एकरी फारच कमी पाणी, साधारणतः दहा लिटर, वापरले जाते. त्यामुळे द्रावण तीव्र असते व त्याचे बारीक थेंब वाऱ्याबरोबर दूर जातात. उसातील रुंद पानांच्या तणांवर वापरले जाणारे २,४-डी हे तणनाशक द्राक्ष व कापूस यांस अत्यंत घातक आहे. शेजाऱ्याच्या बागेवर त्याचा किंचित शिडकावा गेला तरी पाने वाकडी होतात. तुतीच्या पाल्यावर किटकनाशक उडाल्यास रेशीमकिडे मरतात, मधमाश्यांचेही तसेच. आज्ञावलीस शेताची हद्द शिकविता येते आणि त्या हद्दीबाहेर ड्रोन जात नाही. पण वाऱ्यास हद्द शिकविता येत नाही. वारा अंगास स्पष्ट जाणवू लागला की काम थांबवावे, शेजाऱ्यांस व मधपेट्या ठेवणाऱ्यांस आदल्या दिवशी वर्दी द्यावी, आणि द्राक्षबागेलगत तणनाशकासाठी ड्रोन वापरूच नये.

प्रयोगशाळेतील आकडे

माती व पाण्याच्या प्रयोगशाळांत नमुने उचलणारी व मोजणारी स्वयंचलित उपकरणे येत आहेत. त्यांच्या हलत्या भागांपासून हात दूर ठेवावा हे तर झालेच. परंतु येथील मोठा धोका अंगास होत नसून शेतास होतो. उपकरणाने छापून दिलेला आकडा खरा मानण्याची माणसाची वृत्ती असते. नमुन्यांची चिठ्ठी बदलली तर उपकरणास ते कळत नाही. ते एकाच्या मातीचा सामू दुसऱ्याच्या नावावर तितक्याच अचूकतेने छापते. प्रत्येक दिवशी आरंभी ज्ञात सामूच्या द्रावणाने उपकरण जुळवावे व अधूनमधून माहीत असलेला नमुना घालून पाहावा. या भागातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीचा सामू बहुधा आठच्या आसपास असतो. अशा शेतासाठी साडेपाच सामू छापून आला तर खताची शिफारस लिहिण्यापूर्वी नमुना पुन्हा तपासावयास लावावा.

प्रात्यक्षिक

या विषयावर भाषण देण्याऐवजी प्रात्यक्षिक करणे अधिक परिणामकारक होते, आणि त्यास खर्च काहीच लागत नाही. वायरमनच्या उपस्थितीत, ऑटो-स्टार्टर असलेल्या विहिरीवर दहा-पंधरा शेतकऱ्यांस जमवावे व सर्वांस मोटारीपासून दूर उभे करावे. मोटार चालू असताना वायरमनने मेन पाडावा. मोटार थांबते. मग जमलेल्यांस विचारावे, “यंत्र बंद आहे काय?” बहुतेक लोक होकार देतील. त्यानंतर कोणतेही बटण न दाबता वायरमनने मेन वर करावा व सर्वांनी घड्याळाकडे पाहावे. काही वेळाने मोटार आपण होऊन घरघरू लागेल. मेन पाडणे म्हणजे वीज जाणे आणि मेन वर करणे म्हणजे वीज परत येणे, हे त्या वेळी सांगावे. दुसऱ्या खेपेस मेन पाडून तिन्ही फ्यूज काढावेत, ते एका वृद्ध शेतकऱ्याच्या हाती द्यावेत आणि मेन वर करून पुन्हा तेवढाच वेळ वाट पाहावी.

विहिरीच्या पेटीत एक खिळा ठोकून त्यावर लाल रंगाची पाटी अडकवून ठेवावी : “माणूस विहिरीत आहे.” अक्षरे एवढी मोठी असावीत की चष्मा नसलेल्यासही ती वाचता यावीत. ज्यांस वाचता येत नाही त्यांच्यासाठी पाटीचा लाल रंगच खूण ठरतो, म्हणून गावातील सर्व पाट्या एकाच रंगाच्या ठेवाव्यात. गावपातळीवरील कार्यकर्त्याने आपल्या दैनंदिनीत ऑटो-स्टार्टर व मोबाइल स्टार्टर असलेल्या विहिरींची, विशेषतः सामाईक विहिरींची, यादी करावी आणि उन्हाळ्यात पाणी खोल गेल्यावर मोटारी खाली उतरविण्याची कामे सुरू होण्यापूर्वी या यादीतील प्रत्येक पेटी उघडून पाहावी.